मत्स्यन्याय, तिमिंगिल आणि थाळनेर

तिमि म्हणजे प्रचंड सागरी मत्स्य. त्यास गिळणारा तो तिमिंगिल. आणि तिमिंगिलासही गिळणारा तो तिमिंगिलगिल. महाभारताच्या आदिपर्वातील समुद्रवर्णनात तिमिंगिल येतो; तिसऱ्या शब्दाच्या सिद्धीसाठी पाणिनीय परंपरेस निराळे वार्तिक सांगावे लागले. मोठ्या माशाने लहानास गिळावे, या दृष्टान्तावरच प्राचीन भारतीय राजनीतीने मत्स्यन्यायाची कल्पना उभारली.

दण्डधराच्या अभावी बलवान दुर्बलास ग्रासतो, असे कौटिल्य सांगतो. मत्स्यन्यायाने पीडलेल्या प्रजेने वैवस्वत मनूस राजा केले व धान्याचा सहावा आणि विक्रेय मालाचा दहावा भाग त्यास नेमून दिला, ही कथाही अर्थशास्त्रात आहे. पालवंशीय धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात त्याचा पिता गोपाल यास मत्स्यन्यायाच्या निवारणार्थच राजपद मिळाल्याचा निर्देश आढळतो.

पश्चिमेकडे हे रूपक उलटले. हिब्रू धर्मग्रंथातील लिव्याथान आणि रास शाम्रा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननांत सापडलेल्या मृत्तिकालेखांतील लोतान हे सजातीय शब्द होत. दोन्हीकडे तो दैवी शक्तीकडून पराभूत होणारा जलराक्षस आहे. टॉमस हॉब्जने मात्र १६५१ मध्ये हे नाव राज्यसंस्थेस दिले. कौटिल्याचा मासा म्हणजे अराजक. हॉब्जचा जलराक्षस म्हणजे अराजक शमविणारी सत्ता.

समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशाने ही दोन्ही रूपे एकाच पिढीत पाहिली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी हा प्रांत उद्ध्वस्त केला. १८०३-०४ च्या दुष्काळाने गावे ओस पडली. पुढे पेंढारी आणि अरब शिबंदी यांनी उरलेसुरले लुटले. हा मत्स्यन्यायच होता. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. तापीकाठचे थाळनेर ही एके काळची फारुकी राजधानी. तेथील किल्ला २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्याने घेतला. किल्लेदार तुळशीराम हाती आल्यावर आतील दरवाजाशी चकमक होऊन काही इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदारास फाशी देण्यात आले. या फाशीवर १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटातही टीका झाली.

खानदेशातील लुटालूट पुढे आवरली, हे खरे. तथापि ती आवरणाऱ्या सत्तेचा प्रारंभ थाळनेरात असा झाला. कौटिल्याच्या सिद्धान्ताचा उत्तरार्ध येथे विसरता येत नाही. काम, क्रोध वा अज्ञान यांमुळे दण्ड अयोग्य रीतीने योजला, तर वानप्रस्थ आणि परिव्राजकही क्षुब्ध होतात. मग गृहस्थांची कथा काय? तिमिंगिलास गिळणारा तिमिंगिलगिल लहान माशांचा त्राता ठरतोच असे नाही. ही शंका हॉब्जच्या रूपकात क्षीण आहे; संस्कृत शब्दाच्या घडणीत मात्र ती मुळापासून आहे.