श्रद्धा, आज्ञापालन आणि पंडिता रमाबाई

आमच्या हडपसरावरून सोलापूरकडे जाणारी आगगाडी लोणी, उरुळी, यवत हीं स्थानकें घेत केडगांवास पोंचते. तेथील मुक्ति मिशन पंडिता रमाबाईंचें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली म्हणजे धर्माधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा शिरसावंद्य मानलीच पाहिजे काय, ह्या प्रश्नावर त्यांनीं इंग्लंडांत केवढा वाद मांडला, तें फारसें कोणी सांगत नाहीं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ह्यांची अपेक्षा अशी, कीं नव्या शिष्येनें चर्चची शिकवण निमूटपणें स्वीकारावी. बाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटेना. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, आपलें संस्कृत कां नको, असेंही त्या विचारीत. १८८५ सालीं त्यांनीं निक्षून कळविलें, कीं इकडील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें उतरविल्यावर तसलेंच दुसरें मानेवर घेण्यास आपण सिद्ध नाहीं. आज्ञा पाळावयाची ती देवाची. सिस्टरांस हा अहंकार वाटला. मला तसें वाटत नाहीं. बापाजवळ व आईजवळ संस्कृत शिकून भर सभेंत शास्त्र्यांना उत्तरें देणारी ही स्त्री. ती प्रश्न विचारल्यावांचून राहील कशी?

आणि देवाची म्हणून जी आज्ञा त्यांनीं मानली, ती कांहीं सोपी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली आणून त्यांनीं सांभाळल्या. उतारवयांत हिब्रू व ग्रीक ह्यांचा अभ्यास करून सबंध बायबल मराठींत उतरविलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. तें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.