'वर्ण' शब्दाचा अर्थ आणि गोरेपणाची प्रतिष्ठा

संस्कृतात 'वर्ण' या शब्दाचे रंग, अक्षर, समाजविभाग असे अनेक अर्थ आहेत. ऋग्वेदातील 'आर्य वर्ण' व 'दास वर्ण' या उल्लेखांत त्वचेचाच रंग अभिप्रेत आहे, हे मत मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी रूढ केले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नासिकेच्या मोजमापांवरून जातींची उच्चनीचता वंशभेदाशी जोडली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये तीच मोजमापे तपासली. संयुक्त प्रांताबाहेर हा मेळ सर्वत्र बसत नाही, असे त्यांना आढळले. जातिभेद हा वंशभेद नव्हे, असे डॉ. आंबेडकरांनीही १९३६ मध्ये प्रतिपादिले.

गोरेपणाची आवड इंग्रजी अमदानीतच जन्मली, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. उन्हात राबणारे व सावलीत बसणारे हा भेद फार जुना आहे. तरीही द्रौपदीचे 'कृष्णा' हे नाव आणि विठ्ठलाचे सावळे रूप पाहता सावळेपण सौंदर्याला बाधक मानले जात होते, असे दिसत नाही. राज्यकर्त्यांचा रंग व वंशसिद्धांत यांनी जुन्या आवडीस सत्तेचे व शास्त्राचे पाठबळ दिले.

सिद्धांत खंडित झाला, तरी प्रतिष्ठा उरली. विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' ही प्रतवारी तिची साक्ष देते. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातील गोरेपणाचा उल्लेख २०२० मध्ये वगळण्यात आला. परंतु शब्द गळाल्याने मूल्य गळत नाही. त्याचा भार आजही विशेषेकरून उपवर मुलींवरच पडतो.