हवाई तारांचा ताण : झोळापासून प्रकाशतंतूपर्यंत

दोन खांबांमध्ये टांगलेल्या तारेचा ताण प्रत्यक्ष दिसत नाही. तो दुसऱ्या एखाद्या राशीवरून अनुमानानेच काढावा लागतो. ही राशी कोणती असावी, या प्रश्नाच्या उत्तरांतच ताणमापनाचा इतिहास सामावला आहे.

पहिले उत्तर आकाराचे होय. टांगलेली साखळी अन्वस्ताच्या जवळपास जाते, असे गॅलिलिओने 1638 साली नमूद केले. याकोब बेर्नुलीने 1690 साली या वक्राचा प्रश्न जाहीरपणे मांडला. त्याची उत्तरे लायब्नित्स, हायगेन्स व योहान बेर्नुली यांनी 1691 साली प्रसिद्ध केली. हा वक्र अन्वस्त नव्हे. तथापि झोळ अल्प असता व्यवहारात अन्वस्त मानून चालते. तारेच्या एकक लांबीचे वजन आणि गाळ्याच्या लांबीचा वर्ग यांच्या गुणाकारास झोळाच्या आठपटीने भागले असता क्षैतिज ताण मिळतो. म्हणजे झोळ निम्मा झाला की ताण दुप्पट होतो. थंडीत तार आखडून तुटू नये आणि उन्हाळ्यात लोंबून रस्त्यावर येऊ नये, या दोन मर्यादांमध्ये तारमार्गाची सुरक्षितता असते.

दुसरे उत्तर नादाचे. ताणलेल्या तंतूची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हा नियम मेर्सेनने 1636 साली ग्रथित केला. मात्र झोळ असलेल्या तारेस तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आयर्विन व कॉघी यांनी 1974 साली अशा तारेच्या कंपनांची उपपत्ती मांडली.

तिसरे उत्तर तारेच्या अंतरंगातून आले. ब्रिल्वँ याने 1922 साली ध्वनितरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचे भाकीत केले. संदेशवहनासाठी काचतंतूचा उपयोग काओ व हॉकम यांनी 1966 साली सुचविला, आणि 1970 साली कॉर्निंग येथे अल्पक्षयी तंतू तयार झाला. तंतू ताणला असता ब्रिल्वँ कंप्रता सरकते, हे होरिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली दाखविले. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीस ही कंप्रता सुमारे 11,000 मेगाहर्ट्‌झ असते. लांबीत दहा हजारांश वाढ झाली तर ती सुमारे 5 मेगाहर्ट्‌झने बदलते. परंतु तापमान 1 अंशाने वाढले तरी सुमारे 1 मेगाहर्ट्‌झचा फरक पडतो. सबब पाच अंशांची उष्णता ताणाचे सोंग घेऊ शकते, आणि तापमान वेगळे मोजणे अपरिहार्य ठरते.

याहून मोठी अडचण केबलच्या रचनेतच आहे. दूरसंचार केबलमधील तंतू सामान्यतः सैल नळीत, केबलपेक्षा किंचित अधिक लांबीचा ठेवतात. केबल ताणली तरी तंतू ताणला जाऊ नये, हाच त्यामागील हेतू होय. जी योजना संदेशाचे रक्षण करते, तीच तंतूला ताणाविषयी मुका करते. ब्रिल्वँ पद्धतीने ताण मोजावयाचा तर तंतू केबलशी घट्ट जखडलेला हवा.

यातून मार्ग निघाला तो जुन्या उत्तराकडे वळूनच. तंतूतील रॅले प्रकीर्णनाच्या साहाय्याने वाऱ्याने होणारे केबलचे कंपन ठिकठिकाणी टिपता येते. सैल तंतूपर्यंतही कंपन काही अंशी पोहोचते. त्याच्या कंप्रतेवरून गाळ्यागाळ्याचा ताण अनुमानता येतो. साधन नवे असले, तरी अनुमानाचे मूळ मेर्सेनच्या नियमातच आहे. नव्या मापनपद्धतीने जुना सिद्धान्त बाद होतोच असे नाही; कित्येकदा तिच्यामुळेच त्याला नवे कार्यक्षेत्र लाभते.