मोकळी सोडलेली जागा

पियानो कॉन्चेर्टोचा पहिला भाग संपत आला की ऑर्केस्ट्रा एका अधांतरी स्वरसंघातावर थांबतो आणि पियानोवादक एकटाच सुटतो. हीच कॅडेन्झा. तिचा उगम गळ्यातला. इटालियन ऑपेराचे गायक आरियाच्या शेवटी मनसोक्त फिरत घेत. तोसी या गायकाने १७२३च्या आपल्या पुस्तकात त्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. तरी गळ्याला दमसासाची मर्यादा होती. बासरीवादक क्वान्ट्झने १७५२मध्ये लिहूनच ठेवलं, की गायकाची आणि फुंकवाद्याची कॅडेन्झा एका श्वासात मावली पाहिजे. पियानोला कुठला आलाय दम! तिथेच ती लांबायला लागली.

मोझार्ट स्वतः वाजवणार असला की ही जागा बहुधा कोरीच ठेवी. बहिणीसाठी मात्र त्याने कॅडेन्झा लिहून पाठवल्या. त्याचा डी मायनर कॉन्चेर्टो ११ फेब्रुवारी १७८५ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला. वडील लेओपोल्ड पोचले तेव्हा नकलनवीस अजून प्रती उतरवत होता आणि शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही मोझार्टला फुरसत नव्हती. त्या रात्री कॅडेन्झात त्याने काय वाजवलं, ते हवेत विरलं. आज तिथे बहुतेकदा बीथोवनने लिहिलेली कॅडेन्झा ऐकू येते. स्वरवाक्यं मोझार्टचीच, पण ट्रिल गुरगुरू लागतात, डावा हात जड होतो. पाहुण्याने घरात शिरून कपाटंच हलवावीत तसं. मला ती फार आवडते. पण तेवढा वेळ मोझार्ट खोलीबाहेर असतो, हेही खरं.

याच बीथोवनने १८०९मध्ये पाचव्या कॉन्चेर्टोत बजावलं: इथे कॅडेन्झा करू नका, सरळ पुढचं वाजवा. कान जात चालले होते, हा कॉन्चेर्टो जाहीरपणे वाजवणारे हात दुसऱ्यांचे असणार होते; त्यांच्या मर्जीवर जागा कोण सोडणार?

पुढे संगीतकार कॅडेन्झा स्वतःच लिहू लागले. शूमानने लिहिली. रखमानिनोव्हने १९०९च्या तिसऱ्या कॉन्चेर्टोत पहिल्या भागासाठी दोन पर्याय दिले, आणि कोण अवघड वाजवतो यावर रसिकांच्या पैजा लागू लागल्या. मूळची उत्स्फूर्त जागा आता सर्वांत जास्त घोटलेली! अपवाद आहेत. अमेरिकन पियानोवादक रॉबर्ट लेव्हिन मोझार्टच्या कॅडेन्झा मंचावर आयत्या वेळी रचतो. कधी कधी फसेल अशी धास्ती वाटते, म्हणूनच मी कान टवकारून ऐकतो.