आगीच्या बंबाशेजारचा खेळ

शनिवारची दुपार. या आठवड्यात सपोर्टची पाळी माझी, त्यामुळे ऑफिसचा फोन उशाशी घेऊन बसलोय. ज्यांनी ऑन-कॉल काढलंय त्यांना सांगायला नकोच, कामापेक्षा कामाची वाट बघणं जास्त छळतं. लांब जाता येत नाही, सिनेमाला बसता येत नाही, झोपही धड लागत नाही. अशा वेळी मला हमखास लुईस रोबर आठवतो.

कोण हा? अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या अग्निशमन दलातला एक लेफ्टनंट. साल १८९५. तेव्हा बंब घोडे ओढायचे. आग लागली की जीव धोक्यात, आणि नाही लागली की दिवसच्या दिवस नुसतं बसून राहायचं. बसून बसून जवानांची अंगं जड होतात, हे रोबरला दिसत होतं. बेसबॉल खेळावा तर त्याला मैदान मोठं लागतं, आणि घंटा वाजली तर माणसं बंबापाशी पोचणार कधी?

मग त्याने स्टेशनशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खेळच कापून बसवला. बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतात, याने ३५ फुटांवर आणलं. चेंडू म्हणजे व्यायामाच्या मेडिसिन बॉलची छोटी आवृत्ती, बॅट २ इंच जाडीची. डाव नवाऐवजी सात, म्हणजे तासाभरात निकाल. आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'डायरेक्ट भिंतीवर गेला की आऊट' करतो ना, तेच लॉजिक! जागा बदलत नाही, मग नियम बदला. माझ्या मते उत्तम डिझाइन असंच जन्माला येतं, डोक्यावर अडचण बसलेली असताना.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा मान एकट्या रोबरचा नाही. त्याच्या आठ वर्षं आधी, १८८७ साली, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण येल-हार्वर्ड फुटबॉल मॅचच्या निकालासाठी ताटकळत होते. निकाल आला, येल जिंकलं, आणि जोशात कुणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला. समोरच्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या पत्रकाराने त्याच ग्लोव्हचा बांधून चेंडू केला, खडूने जमिनीवर चौकोन आखला आणि हॉलमध्येच सामना लावला. म्हणजे तिथेही वाट बघणारी माणसंच! इतिहासकार सुरुवातीचा मान हॅनकॉकला देतात, ते बरोबरच आहे. पण माझा जीव रोबरवर. हॅनकॉकच्या मित्रांना गंमत हवी होती, रोबरला आपली माणसं धडधाकट ठेवायची होती.

पुढे रोबर दुसऱ्या स्टेशनवर गेला, तिथे त्याच्या टीमचं नाव पडलं 'किटन्स', म्हणजे मांजरीची पिल्लं. त्यावरून खेळाचं नाव झालं किटनबॉल. धिप्पाड मिशाळ बंबवाले 'पिल्लांचा खेळ' खेळताहेत असं चित्र डोळ्यासमोर आणा! इतर स्टेशनांनीही टीम्स काढल्या, बघायला गर्दी जमू लागली. गावोगावी याच खेळाला डायमंडबॉल, मशबॉल, पम्पकिनबॉल अशी वाट्टेल ती नावं होती. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ साली डेन्व्हरच्या वायएमसीएतल्या वॉल्टर हॅकॅन्सनने सुचवलं. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्याच वर्षी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन निघाली. ते मंदीचे दिवस. लाखो लोक बेकार. रिकामा वेळ भरपूर, खिशात दमडी नाही. अशा लोकांना हा स्वस्तातला खेळ पटकन मानवला. १९९६ मध्ये तो थेट ऑलिम्पिकला पोचला, तोही फक्त महिलांचा.

मिनिआपोलिसची ती १९ नंबरच्या बंबाची इमारत टिकली, राष्ट्रीय वारसा यादीतही गेली. गंमत म्हणजे पुढे त्यात ऑफिसं थाटली गेली. तिथेही कुणीतरी फोन उशाशी घेऊन बसत असेल का?

असो. फोन अजून गप्प आहे. खाली पार्किंगमध्ये पोरांनी क्रेट उभा करून स्टंप केलाय. फोन खिशात टाकून दोन ओव्हर टाकून येतो.