गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक व्हायचंय?

क्रिमिनॉलॉजी म्हणजे पोलीसभरती, असं बरेच पालक समजतात. तसं नाही. गुन्हा का घडतो, तुरुंग-कोर्ट कसं चालतं, हे शिकवणारेही लागतात. सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित विषयात ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट हवी. नेटमध्ये हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६८. जेआरएफला वयाची अट आहे, सहायक प्राध्यापक पात्रतेला नाही. लग्नानंतर शिकणाऱ्या आपल्या मुलींनी हे जरूर लक्षात घ्यावं. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. जागा मात्र थोड्याच: मुंबईची टिस, मद्रास विद्यापीठ, गांधीनगरचं न्यायवैद्यक विद्यापीठ, अशा मोजक्या ठिकाणी. ओबीसीतल्या बिरादऱ्यांना आम्ही सांगू, केंद्रीय संस्थांत राज्याचा दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा.