मोटारीचा परमवेग

कोणतीही नवी मोटार दिसली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही जास्तीत जास्त किती धावते? गेल्या दिवाळीत महाडास आमच्या घरी पुतण्याने जग्वार ई-टाइप या दोन दारांच्या, बंदिस्त टपाच्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे चित्र माझ्यापुढे ठेविले आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकिले, "काका, ताशी दीडशे मैल!" त्याला त्याच महिन्यात मोटार हाकण्याचा परवाना मिळाला होता. माझ्या मनात शंका आली ती इतिहासाच्या अध्यापकाची. हा वेग मोजला कोणी, आणि कोणत्या गाडीचा?

चौकशी करता जी हकीकत हाती लागली ती मनोरंजक आहे. ही गाडी 1961 च्या मार्च महिन्यात जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. त्याच सुमारास 'ऑटोकार' या इंग्रजी नियतकालिकाने तिच्या बंदिस्त नमुन्याचा वेग ताशी 150.4 मैल, म्हणजे सुमारे 242 किलोमीटर, भरल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा जगभर मुखोद्गत झाला. परंतु परीक्षेची ती गाडी मुद्दाम सज्ज केलेली होती, आणि गिऱ्हाइकांच्या हाती पडलेल्या गाड्या सहसा तेथवर पोचत नसत, हे मागाहून उघड झाले. आकडा खोटा नव्हता. पण तो एका गाडीचा, एका दिवसाचा व एका मोकळ्या रस्त्याचा होता. पुढे 1965 च्या डिसेंबरात खुद्द इंग्लंडातील मोटाररस्त्यांवर ताशी 70 मैलांची मर्यादा आली, आणि त्या वेगाचा निम्म्याहून अधिक भाग कायद्यानेच कापून टाकिला.

या हौसेचे मराठी उदाहरण पाहावयाचे तर इंदुरास जावे. तेथील महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एस. जे. जातीची मोटार घेतली. सांगाडा व एंजिन अमेरिकेचे. वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात चढविलेला. आठ सिलिंडरे, हवा दाबून भरणारा सुपरचार्जर आणि 320 अश्वशक्ती. एवढी लांबलचक गाडी, आणि आत माणसे बसावयाची दोन! त्याच घराण्यातील एका खास गाडीने 1935 साली अमेरिकेत बॉनव्हिल येथे अ‍ॅब जेंकिन्स याने चोवीस तास सरासरी ताशी 135 मैलांहून अधिक वेग राखून दाखविला. परंतु बॉनव्हिल म्हणजे मिठाचे विस्तीर्ण, सपाट वाळवंट. जेथे बैलगाड्या, टांगे आणि गुरे यांचाही रस्त्यावर तितकाच हक्क, तेथे ते वाळवंट कोठून आणावे?

म्हणून माझ्या मते परमवेग हा गाडीइतकाच रस्त्याचा गुण आहे, आणि हे महाडकरास तरी निराळे सांगावयास नको. मोटारीपूर्वीच्या काळी मुंबईची मंडळी महाबळेश्वरास निघाली की सावित्रीच्या खाडीने दासगावपर्यंत येत आणि तेथून महाड, पोलादपूर करीत घाट चढत. 1876 च्या सुमारास तयार झालेला फिट्‌झजेराल्ड घाट, म्हणजेच आंबेनळी घाट, आखला गेला तो बैलांच्या दमाचा विचार करून. त्याच्या वळणावर 320 घोड्यांनाही बैलांचा मान राखावा लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. आणि वळणापुढचे किती दिसावे, हे एंजिन नव्हे, डोंगर ठरवितो.

कधी कधी तर डोंगरही नसतो. 2 ऑगस्ट 1916 नव्हे, अगदी आपल्या डोळ्यांदेखत 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील 1928 सालचा दगडी कमानींचा पूल महापुरात कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्या व इतर वाहन प्रवाशांसह नदीत गेले. त्या चालकांस वेगाचा दोष देण्याचे कारण नाही. अंधारात, पावसात, रोजचा रस्ता पुढे आहे या विश्वासाने ते चालले होते. तो विश्वास रस्त्याने मोडला. वर्षाच्या आत, 2017 च्या जूनमध्ये, नवा पूल उभा राहिला. पोलादपुरापुढचा कशेडी घाट टाळणारा बोगदाही आता झाला आहे. रस्ता रुंद व सरळ होत आहे, आणि त्याबरोबर पूर्वी जे वेग केवळ चित्रात होते ते कोणाही तरुणाच्या पायाखाली येत आहेत.

हे सर्व मी पुतण्यास सांगितले. तो म्हणाला, "मग काका, तो आकडा छापतात तरी कशाला?" प्रश्न रास्त होता. आकडा छापावा; त्यात कारागिरांची बुद्धी व मेहनत आहे, आणि तिचा गौरव झालाच पाहिजे. मात्र तो त्यांच्या कर्तबगारीचा आकडा आहे, आपल्याला दिलेली परवानगी नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पोलादपूरपर्यंत जाऊन आलो. गाडी त्याने हाकली. सावित्रीच्या पुलावर येताच त्याने, मी काही न बोलता, वेग उतरविला. काटा कितीवर आला ते मी पाहिले नाही.